नाव, गाव आणि व्यवसाय

मराठी पोवाड्यांच्या संग्रहाचा इतिहास पाहू गेल्यास हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव टाळता येत नाही. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने त्याने गोंधळ्यांच्या मुखांतून जुने पोवाडे मिळवले, १८९१ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि पुढे तीन वर्षांनी त्यांतील काही निवडून त्यांचे इंग्रजी पद्यानुवादही छापले. शाहिरांची कवने काळाच्या उदरात गडप होऊ नयेत म्हणून इतकी धडपड करणाऱ्या या गृहस्थाने मुंबई म्युनिसिपालिटीचा कमिशनर या नात्याने ७ नोव्हेंबर १८९० रोजी माटुंग्यास निराश्रित महारोग्यांसाठी एक आश्रयस्थान उघडले होते, ही गोष्ट मात्र पोवाड्यांच्या अभ्यासकांस क्वचितच ठाऊक असते. मुंबईच्या रस्त्यांवर आणि देवळांच्या पायऱ्यांवर बसणारे रोगी शहरवासीयांच्या डोळ्यांना खुपत होते; त्यांचा बंदोबस्त करावा अशी ओरड वृत्तपत्रांतून चालू होती; सरकार खर्चास तयार नव्हते; अशा वेळी लोकवर्गणी गोळा करून आणि पालिकेच्या अधिकारांचा आधार घेऊन ॲक्वर्थने ते काम तडीस नेले. आज वडाळ्यास असलेले कुष्ठरोग रुग्णालय त्याच्याच नावाने ओळखले जाते. मला राहून राहून वाटते ते असे, की ज्याने शाहिरांची नावे जतन केली त्याच्याच आश्रयस्थानात जन्म काढलेल्या शेकडो माणसांपैकी एकाचेही नाव आज सामान्य मराठी वाचकाला सांगता येणार नाही. हा दोष एकट्या ॲक्वर्थचा नव्हे. त्या काळी रोग्याची शुश्रूषा करणे म्हणजे त्याला समाजापासून बाजूला ठेवून अन्न, वस्त्र आणि मलमपट्टी देणे, अशीच साऱ्यांची समजूत होती. बाजूला ठेवलेल्या मनुष्याचे नाव काय, गाव कोणते आणि रोग जडण्यापूर्वी तो कोणता व्यवसाय करीत होता, हे विचारण्याचे प्रयोजनच कोणास भासत नव्हते.

दीर्घ व्याधीने ग्रस्त झालेल्या मनुष्याकडे व्याधीचे पात्र म्हणून न पाहता मनुष्य म्हणून पाहावे, हा विचार अलीकडे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत मानाने विराजमान झाला आहे. महाराष्ट्रात तो पुस्तकांतून आला नाही. महारोग्यांच्या सेवेत आयुष्य घातलेल्या थोड्या माणसांनी, आणि त्यांच्याहीपेक्षा त्या रोग्यांनी स्वतः, तो वर्धा, अमरावती आणि चांदा या जिल्ह्यांच्या मातीत पायरीपायरीने घडवला.

रोग अर्थातच फार पुरातन. चरकाने सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली आहेत, आणि सुश्रुताने तुवरकाच्या तेलाचा उपयोग वर्णिला आहे. तुवरकाच्याच जातीच्या झाडांचे चालमोगरा या नावाने ओळखले जाणारे तेल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोग्यांच्या अंगात टोचले जात होते, आणि त्या टोचण्याच्या वेदना सोसूनही गुण मात्र बेताचाच येई. १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे हॅन्सेन याने या रोगाचा जंतू दाखवून दिला, तेव्हा पूर्वजन्मीच्या पातकाची कल्पना ढासळावयास हवी होती. प्रत्यक्षात पातकाच्या भयाला संसर्गाच्या भयाची जोड मिळाली. हवाई बेटांतील मोलोकाई येथे रोग्यांची सेवा करता करता फादर डेमियन यास स्वतःला हा रोग जडून १८८९ साली मृत्यू आला, त्या वार्तेने साम्राज्यभर खळबळ उडाली, आणि हिंदुस्थानात चौकशीसाठी एक आयोग येऊन त्याने १८९० आणि १८९१ या दोन वर्षांत मुलूखभर दौरा केला. आयोगाचा निष्कर्ष मोठा समंजस होता: हा रोग संसर्गाने पसरण्याचा धोका अल्प आहे आणि रोग्यांना सक्तीने कोंडून ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

तरीही १८९८ साली कायदा झाला तो सक्तीचाच. सरकारने जाहीर केलेल्या इलाख्यात निष्कांचन महारोगी आढळल्यास पोलिसाने त्यास वॉरंटावाचून पकडावे, डॉक्टरने तपासावे आणि मॅजिस्ट्रेटने त्यास आश्रयस्थानात रवाना करावे, अशी त्यात तजवीज होती. सरकारी हुकूम निघालेल्या ठिकाणी महारोग्याने खाद्यपेये, औषधे किंवा कपडे विकू नयेत, मज्जाव केलेल्या सार्वजनिक विहिरीचे वा तळ्याचे पाणी घेऊ नये, आगगाडीखेरीज भाड्याच्या कोणत्याही सार्वजनिक वाहनात बसू नये, असेही त्यात लिहिले होते. महारोगी कोणास म्हणावे याची त्या कायद्यातील व्याख्या विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे: ज्याच्या अंगी व्रण पडू लागले आहेत तो. वस्तुतः ज्याच्या हातापायांस जखमा झाल्या आहेत आणि बोटे झडली आहेत अशा पुष्कळ रोग्यांच्या शरीरातील जंतू केव्हाच निष्प्रभ झालेले असतात. आणि ज्याच्यापासून संसर्गाचा खरा संभव, त्याच्या अंगावर आरंभी फारसे व्यंग दिसतही नाही. म्हणजे कायद्याने पकडला तो बहुधा धोकादायक मनुष्य नव्हे. पकडला तो विद्रूप आणि दरिद्री मनुष्य. धनिकाच्या घरी माडीवर लपवून ठेवलेल्या रोग्याला या कायद्याचा स्पर्शही झाला नाही. व्याधी हा अपराध नव्हता, दारिद्र्य हा अपराध होता, आणि व्रण हा त्याचा पुरावा.

या काळात रोग्यांच्या जखमा धुण्याचे काम प्रामुख्याने ख्रिस्ती मिशनऱ्यांनीच केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १८७४ साली वेलस्ली बेली याने स्थापन केलेल्या मिशनची इस्पितळे देशभर उभी राहिली, आणि ज्यांना आप्तांनी टाकले त्यांना तेथे छप्पर मिळाले. आपल्या लोकांपैकी या कामास हात घालणारे पुष्कळ वर्षे कोणी निघाले नाहीत, ही आपल्या समाजाच्या खाती जमा असलेली लज्जेची बाब आहे.

तो हात प्रथम घातला मनोहर दिवाण यांनी. विनोबांचे हे सहकारी वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांत ग्रामसेवेसाठी हिंडत असता त्यांस ठिकठिकाणी महारोगी दिसू लागले, आणि खादी व सफाई यांच्या गोष्टी सांगून या माणसांना ओलांडून पुढे जाणे त्यांच्याने होईना. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे त्यांनी महारोगी सेवा मंडळाची वसाहत सुरू केली. तेथे औषधोपचार होतेच, परंतु त्याबरोबर शेती होती, सूतकताई होती, आणि ज्याला जितके झेपेल तितके काम होते. रोग्याला नुसते पोसावयाचे नाही, त्याच्या हातून काही निर्माण व्हावयाचे आहे, ही गोष्ट तेथे प्रथम व्यवहारात आली.

तेथून काही कोसांवर सेवाग्रामास १९३९ साली दत्तात्रेय परचुरे शास्त्री येऊन दाखल झाले. शास्त्रीबुवा संस्कृतचे व्युत्पन्न पंडित, स्वातंत्र्याच्या चळवळीत कारावास भोगलेले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी असताना दोघांचा पत्रव्यवहारही झालेला. रोगाने जर्जर होऊन ते आश्रमात शेवटचा विसावा मागण्यास आले, तेव्हा आश्रमात लहान मुले आहेत, निरोगी माणसे आहेत, त्यांचे काय, हा प्रश्न गांधीजींपुढे होताच. विचारान्ती त्यांनी शास्त्रीबुवांना ठेवून घेतले, आपल्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि कामाच्या रगाड्यातून वेळ काढून ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. त्या मालिशीचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. छायाचित्रात न आलेली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. शास्त्रीबुवांकडे आश्रमवासी संस्कृत शिकावयास बसत, आणि आश्रमात झालेल्या विवाहाचे पौरोहित्य त्यांनी केले. ज्या मनुष्याची सावलीही मंगलकार्यावर पडू नये अशी लोकांची धारणा, त्याने मंत्र म्हणून वधूवरांना आशीर्वाद दिला! औषधाने शास्त्रीबुवांचा रोग हटला नाही. अखेरचे दिवस त्यांनी दत्तपुरास काढले आणि तेथेच १९४५ साली देह ठेवला. परंतु मधल्या वर्षांत ते रोगी म्हणून जगले नाहीत, पंडित म्हणून जगले. त्याच सुमारास, १९४५ साली, गांधीजींनी आपल्या विधायक कार्यक्रमाच्या पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ती काढली, तीत महारोग्यांच्या सेवेचे स्वतंत्र कलम घातले. शास्त्रीबुवांच्या सहवासाचा त्या कलमाशी संबंध नसेल असे मानणे मला कठीण जाते.

पुढच्याच वर्षी अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. दाजीसाहेब या नावाने परिचित असलेले हे गृहस्थ स्वातंत्र्याच्या लढ्यात तावूनसुलाखून निघालेले होते. गावाबाहेरच्या ओसाड जागेत त्यांनी रोग्यांकडूनच इमारती बांधवून घेतल्या, शेती केली, निरनिराळे उद्योग चालू केले, आणि शेकडो माणसांचे एक गावच वसवले.

आणि मग वरोरा. मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे हे वरोऱ्याचे वकील आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष. भंग्यांच्या कामाची प्रत्यक्ष प्रचीती यावी म्हणून ते स्वतः मैल्याच्या पाट्या डोक्यावर वाहत असत. हे काम करीत असता एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेस त्यांस चिंध्यांचे गाठोडे दिसले आणि ते हलले. तो महारोगाच्या शेवटच्या अवस्थेतील एक मनुष्य होता. आमटे भयाने घरी पळाले. पुढे त्या भयाचीच त्यांना इतकी शरम वाटली की ते परत फिरले, त्या मनुष्यावर त्यांनी आडोसा उभारला, त्यास अन्न भरवले, आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची शुश्रूषा केली. त्याचे नाव तुळशीराम. बाबांनी ते नाव आयुष्यभर पुन्हा पुन्हा उच्चारले, म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे. त्याचे गाव, त्याचा धंदा, त्याची बायकामुले, यांविषयी काही सांगण्याइतका अवधी त्यास मिळाला नाही.

बाबांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत या रोगाचे शिक्षण घेतले, १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि १९५१ च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू केले. पहिले काम विहीर खणण्याचे. बधिर हातांनी पहार धरावयाची म्हणजे फोड कधी आला आणि कधी फुटला याचा पत्ता लागावयाचा नाही. म्हणून अवजारांच्या मुठी कशा गुंडाळाव्या, कोणी खणावे आणि कोणी माती ओढावी, हे सगळे त्या खड्ड्याच्या काठावर अनुभवाने ठरत गेले. एकाचे पाय शाबूत असत, दुसऱ्याची बोटे. दोघे मिळून एका माणसाचे काम होई. भाजीपाला पिकला तेव्हा वरोऱ्याच्या बाजारात तो कोणी विकत घेईना. परदेशी तरुण स्वयंसेवकांचे पथक येऊन राहिले, त्यांनी रोग्यांबरोबर भिंती बांधल्या, आनंदवनातलेच अन्न खाल्ले, ते पाहिल्यावर कोठे गावाची भीड चेपली. पुढे हातमाग आले, पादत्राणे आली, पत्र्याच्या डब्यांपासून पेट्या होऊ लागल्या. आणि १९६०च्या दशकात याच वसाहतीने आसपासच्या निरोगी मुलांसाठी महाविद्यालय काढले. ज्यांना गावाने हाकलले त्यांनी गावाच्या मुलांच्या शिक्षणाची सोय केली, याहून मोठा उलटा प्रवाह महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मला तरी दिसत नाही. आनंदवनात रोग्यांचे विवाह झाले, संसार मांडले गेले. स्त्रीपुरुषांना वेगवेगळ्या आवारांत ठेवण्याची आश्रयस्थानांची जुनी शिस्त ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

याच सुमारास वैद्यकानेही मोठी मजल मारली. सल्फोन वर्गातील औषधांनी, विशेषतः डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्यांनी, रोग पहिल्यानेच खरोखर आटोक्यात आणला. आता रोग्याने इस्पितळाकडे येण्यापेक्षा इस्पितळानेच रोग्याच्या दारी जावे हा विचार पुढे आला, आणि १९५१ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वर्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार या तिन्ही कामांची एक सांगड घालून दिली. गावोगाव, घरोघर जाऊन प्रत्येकाची त्वचा तपासावयाची, डाग सापडला तर घाबरवून न सोडता समजावून सांगावयाचे, आणि गोळ्या घरीच द्यावयाच्या. रोग्याला त्याच्या गावातून, घरातून आणि कामधंद्यातून उठवावयाचेच नाही, हे या पद्धतीचे मर्म. पुढे सरकारने आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीच पद्धत स्वीकारली. १८९८ च्या कायद्याला दिलेले याहून समर्पक उत्तर कोणत्याही सभेत कोणी दिले नाही.

वेलोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की महारोग्याची बोटे रोगाने कुजत नाहीत. संवेदना गेल्यामुळे भाजते, कापते, घासते ते कळत नाही, आणि वारंवार झालेल्या इजांनी बोटे झिजतात. कित्येकांची बोटे रात्री उंदीर कुरतडत आणि झोपलेल्यास जाग येत नसे, हे ध्यानी आल्यावर त्यांनी रोग्यांना मांजरे पाळावयास दिली! शस्त्रक्रियेने वाकडे हात त्यांनी सरळ केले. तेव्हा काही रोग्यांनी गाऱ्हाणे मांडले की सरळ हातांना भीक मिळत नाही. त्या गाऱ्हाण्याचा ब्रँड यांनी राग मानला नाही. हात दिला तर हाताला काम देणेही वैद्याचेच कर्तव्य ठरते, असे मानून त्यांनी सुतारकाम आदी हुन्नर शिकवण्याची सोय केली. आपल्याकडे डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात हीच पुनर्रचनेची शस्त्रक्रिया आरंभिली, बसलेली नाके उभी केली, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात इतर रोग्यांच्या बरोबरीने कुष्ठरोग्यांनाही प्रवेश मिळवून दिला. सर्वसाधारण इस्पितळाच्या वॉर्डातील एक खाट ही वरकरणी क्षुल्लक गोष्ट. ती मिळवण्यास किती शब्द खर्ची पडले असतील याची कल्पना रुग्णालयांचे अंतरंग जाणणाऱ्यांस येईल.

१९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांच्या संयुक्त उपचाराची शिफारस केली. आता सहा महिने किंवा वर्षभर औषध घेतले की जंतू नाहीसे होतात, आणि रोगी घरीच बरा होतो. परंतु जंतू गेले तरी मेलेले मज्जातंतू जिवंत होत नाहीत. ज्याचे तळपाय बधिर झाले त्याने उरलेल्या आयुष्यात रोज पाय पाण्यात भिजवावयाचे, घट्टे हलकेच घासून काढावयाचे, तेल लावावयाचे आणि काटा रुतला आहे का, फोड आला आहे का, हे डोळ्यांनी पाहावयाचे, कारण वेदना ही सूचना देणार नाही. हे कोणी डॉक्टर रोज येऊन करू शकत नाही. येथे रोगी हाच आपला वैद्य. पुण्यामुंबईत मधुमेहाच्या दवाखान्यांतून पायांची काळजी घेण्याचे जे नियम आज सांगितले जातात, त्यांची रीत पुष्कळ अंशी कुष्ठरोग्यांच्या पायांवरच शिकली गेली आहे. जे आपल्याला अस्पर्श होते त्यांच्या पायांनी आपल्या पायांना वाट दाखवली, हे मधुमेही वाचकांनी अवश्य जाणून असावे.

१८९८ चा कायदा अनेक ठिकाणी केव्हाच निकामी झाला होता. परंतु केंद्राच्या कायदेपुस्तकातून तो काढून टाकण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे रद्द व्हावयास २०१९. शब्दही असेच सावकाश बदलले. रक्तपितीचा, महारोगी, कुष्ठरोगी, कुष्ठरुग्ण, आणि आता कुष्ठबाधित व्यक्ती. या शेवटच्या शब्दात व्यक्ती आली. ती यावयास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

या इतिहासात संस्थापकांची चरित्रे विपुल आहेत, आणि असावीत. रोगाचे आकडेही आहेत. नाहीत ती त्या माणसांची चरित्रे, ज्यांनी बधिर हातांनी विहिरी खणल्या, माग चालवले आणि दुसऱ्यांच्या मुलांसाठी वर्ग बांधले. आनंदवनात, तपोवनात, दत्तपुरास आणि अशा अनेक वसाहतींत त्यांपैकी काही वृद्ध स्त्रीपुरुष अजून हयात आहेत. नवे रोगी घरीच बरे होत असल्याने त्यांची जागा घेणारे आता कोणी नाही, आणि त्यांच्याबरोबर त्यांची कथाही जाणार आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी गोंधळ्यांच्या मुखांतून पोवाडे उतरवून घेतले, तसे यांच्या मुखांतून यांचे आयुष्य कोणीतरी उतरवून घेतले पाहिजे. मराठीचे जे विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक या परिसरात राहतात त्यांना माझी विनंती आहे, की सुटीचे चार दिवस काढून तेथे जावे, परवानगी घेऊन त्यांच्यापाशी बसावे, आणि रोगाविषयी नंतर विचारावे. आधी नाव विचारावे, मग गाव, मग ते पूर्वी काय काम करीत होते ते.